निघणाऱ्याला विचारू नये

सुरतेला निघालो त्या सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, अमळनेरच्या फलाटावर माझी पेटी धरून उभे होते. ओळखीचे लोक येत आणि विचारत, “लांब का?” कुठे, हे कुणीच विचारलं नाही. आमच्याकडे निघणाऱ्याला ‘कुठे’ म्हणणं अपशकुनी. कुणी म्हटलंच, तर निघणाऱ्याने घटकाभर बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. आबांचं सगळ्यांना अहिराणीत एकच उत्तर, “शे जराखं.” आहे थोडं.

आम्ही टाळतो त्या प्रश्नाला इंग्रजीत एक खास शब्द होता, ‘व्हिदर’. म्हणजे कुठे, पण जाणाऱ्यासाठी, कोणत्या दिशेला. इकडे येण्यासाठी ‘हिदर’, तिकडे जाण्यासाठी ‘थिदर’, ही त्याची भावंडं. ‘व्हिदर’मधला ‘व्ह’ आणि आपल्या ‘कोण’, ‘कुठे’मधला ‘क’ एकाच प्राचीन मुळातून आले, असं कोश सांगतात. इंग्रजांनी ही भावंडं कधीच अडगळीत टाकली. आता थोरला तेवढा भाषणांच्या शीर्षकांत भेटतो. मागे आमच्या समाजाच्या मेळाव्यात फलक होता, ‘व्हिदर खान्देश?’ वक्ते तासभर बोलले. खान्देश तोवर वरण-बट्टीच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता.

मी सुरतेत भेस्तानला एकटा राहतो, मराठी शाळेत इंग्रजी शिकवतो. आबा गेल्यावर मायला इथे आणलं. वाटलं, राहील. तिला लिफ्ट जमली, शेजारच्या बेनशी अर्धीमुर्धी गुजरातीही जमली. दुपार मात्र जमेना. “माले आठे करमत नही,” एवढंच म्हणायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

एका सकाळी ती पिशवी घेऊन, चपला घालून दाराशी उभी. माझ्या तोंडून ‘कुठे’ गेलंच, “माय, कथा?”

ती थबकली. “इतली इंग्रजी शिकना, हाई नही शिकना.” मग पिशवी ठेवून खुर्चीवर बसली. मी पाणी दिलं. ती सावकाश प्यायली.

“आणखी देऊ?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “दे.”

तहान तिला नव्हती.

उधना स्टेशनवर मीच तिला अमळनेरच्या गाडीत बसवलं. आता कुणी घर कुठलं विचारलं तर मी भेस्तानचा पत्ता देतो. टपाल तिथे बिनचूक येतं. त्या घरात माय पाहुणीसारखी राहिली, आणि तिच्या घरी मी पाहुणा असतो. दोघांचं म्हणता येईल असं घर त्या दुसऱ्या पेल्यापुरतंच होतं.