खाल्लं तरी चालेल

माझं काम लोकांना चटकन कळत नाही, आणि कळलं की ते माझ्याकडे जरा संशयाने बघतात. नवा रंग, नवा गोंद, नवं वंगण बाजारात यायच्या आधी त्याने माणसाला, माशाला, मातीला काय होऊ शकेल याचा अहवाल मी लिहितो. इंग्लंडात रीडिंग गावातल्या एका लहानशा ऑफिसात बसून गेली बरीच वर्षं हेच चाललंय. बायको म्हणते, तुझं पोट लोकांच्या भीतीवर चालतं. म्हणू दे. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी भांड्यांचा साबणही घेत नाही, आणि कोणी "नॅचरल आहे हो" म्हणालं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. धोतराही नॅचरलच असतो, हे वाक्य मी इतक्या जेवणांत ऐकवलंय की मित्र आता माझ्याआधी तेच म्हणून मोकळे होतात.

असा मी, आणि एका नॅचरल मेणाने माझी सगळी अक्कल काढली. खरं तर मेणाला कशाला बोल लावायचा? ते बिचारं जसं होतं तसंच होतं.

मागच्या वर्षी वसंतात त्या मेणाची फाइल माझ्या टेबलावर आली. बेसिंगस्टोकजवळ एक लहान कंपनी पुठ्ठ्याच्या खोक्यांना आतून मेणाचा लेप देते, म्हणजे मासळीच्या आणि भाजीच्या ओलीने पुठ्ठा भिजत नाही. आधी हे मेण पेट्रोलियमचं असायचं. या लोकांनी ते रेपसीडच्या तेलापासून बनवलं. रेपसीड म्हणजे आपल्या मोहरीची इथली चुलत बहीण. मे महिन्यात मोटरवेच्या दोन्ही बाजूंना पिवळीधमक शेतं दिसतात ती तिचीच. शुद्धीकरणाच्या एकदोन पायऱ्या गाळून त्यांनी वीजही वाचवली होती. चाचण्यांचे निकाल वाचून मी खूश झालो. मातीत घातलं की मेण कुजून जात होतं, गांडुळं त्याच्या शेजारी सुखाने नांदत होती, पाण्यातले बारके किडे जिवंत होते, कातडीवर पुरळ नव्हतं. या सगळ्या चाचण्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांवर झाल्या होत्या. त्यामुळे "धूळ" या रकान्यात मी लिहून टाकलं, अपेक्षित नाही.

अहवाल पुरा करण्याआधी जूनमध्ये मी कारखाना बघायला गेलो. प्रोडक्शन मॅनेजर भला माणूस होता. त्याने गोळ्या दाखवल्या, त्या वितळवायची टाकी दाखवली. कोपऱ्यात दोन पोती वेगळी ठेवलेली होती. त्यात तेच मेण होतं, पण दळलेलं. लवकर वितळतं म्हणून नुसतं ट्रायल घेतोय, असं म्हणत त्याने एका पोत्याचं तोंड उघडलं आणि मी लागोपाठ तीनदा शिंकलो.

"ब्लेस यू," तो म्हणाला. "हे-फीवर?"

"हो ना," मी म्हणालो. "जून आला की सुरू."

मला जन्मात कधी हे-फीवर, म्हणजे पोलनने, परागकणांनी होणारी ती शिंकाशिंकी, झालेला नाही. मी हो का म्हणालो? या देशात समोरच्याने सभ्यपणे दार उघडून धरलं की आपण त्यातून जातो, तसाच त्या उत्तरातून निघून गेलो. बाहेर पडताना उंबऱ्यावर चौथी शिंक आली. आमच्याकडे निघताना कोणी शिंकलं की माणूस परत आत येऊन बसतो, घोटभर पाणी पितो आणि मग निघतो. मी असली थेरं मानत नाही, म्हणून सरळ गाडीत बसलो. एखादं काम अडलं की आपण म्हणतो, कुठेतरी माशी शिंकली. इथे माशी नव्हती, मी स्वतः शिंकलो होतो, आणि काम काही अडलं नाही. पावडरीबद्दल एक प्रश्न लिहिला असता तर आणखी चाचण्या आल्या असत्या, दोन महिने गेले असते, कंपनीने तोंड वाकडं केलं असतं. ट्रायलच तर आहे, असं स्वतःला समजावून मी शुक्रवारी सही केली.

आता तिच्याबद्दल सांगतो. ती माझ्या मित्राची बायको. तो बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि ती लग्नाआधी नागपूरला शाळेत विज्ञान शिकवायची. तिचे सख्खे भाऊ तिकडेच असल्यामुळे इथे आल्यापासून भाऊबीजेला ती मला ओवाळते. मी तिला अगं-तुगं करतो, ती मला दादा म्हणते आणि अहो-जाहो करते.

जुलैमधल्या एका रविवारी त्यांच्या बागेत बार्बेक्यू होता. कणसं भाजायचं काम माझ्याकडे होतं. ती शेजारी येऊन उभी राहिली.

"दादा, बिझनेस पार्कमध्ये ते मेणवाले आहेत ना, ते लाइनवर माणसं घेतायत. मुलगी आता सेकंडरीला जाणार, मला घरात बसवत नाही. तिथे सेफ असेल ना?"

त्या क्षणी मला ते पोतं आठवलं. अगदी लख्ख आठवलं. मी कणीस उलटलं आणि म्हणालो, "अगं, ते मेण मला माहितीये. खाल्लं तरी चालेल."

सगळे खोखो हसले. साबणाची बाटली तपासणारा माणूस हे म्हणतोय, याचंच त्यांना हसू आलं होतं. आणि माझ्यासारखा माणूस म्हणाला, म्हणूनच तिने ते खरं मानलं.

ती लागली कामाला. पहिल्या आठवड्यात तिने फोटो पाठवला, गळ्यात ओळखपत्र आणि पायात लोखंडी टोकाचे बूट. खाली लिहिलं होतं, "एम.एस्सी. बी.एड. विथ बूट्स." खूप दिवसांनी ती अशी खुशीत दिसली होती.

ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे जेवायला गेलो तर ती खोकत होती. नवरा म्हणाला घराला ओल आहे, त्याने डीह्युमिडिफायर आणला होता. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, इनहेलर दिला होता. ती म्हणाली, "इथलं पोलन फार चिवट बाई." ऑक्टोबरात कुठलं आलंय पोलन? आमच्या धंद्यात अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो मी विचारला.

"रविवारी कसं असतं गं?"

"रविवारी बरं असतं, दादा. यांच्या हातचा चहा मिळतो ना."

पुन्हा सगळे हसले. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं, याचा अर्थ त्या टेबलावर फक्त मला कळला होता. सोमवारी मी मॅनेजरला मेल केली, पावडर वापरता का? दहा मिनिटांत उत्तर आलं: हो, ऑगस्टपासून सगळी पावडरच, तुम्ही पाहिलीत की.

त्यानंतर तीन आठवडे मी मूग गिळून बसलो. हे लिहितानाही लाज वाटते. रोज ती कामावर जात होती आणि रोज मी ठरवत होतो की उद्या सांगू. भीती माझ्या सहीची होती. लोकांच्या भीतीवर पोट भरणाऱ्याला स्वतःची भीती आवरेना.

भाऊबीजेला मी पाटावर बसलो. तिने कुंकू लावलं, ताट उचललं, आणि तिला जी ढास लागली ती थांबेचना. ताट कललं, सुपारी घरंगळत सोफ्याखाली गेली. तिच्या मुलीने ताट धरलं. "आई, तू बस, मी करतो," ती तिच्या इथल्या मराठीत म्हणाली, आणि ताट ठेवून निळा पंप आणायला पळाली. दोन झुरके घेतल्यावर आई ओढणीने डोळे पुसत हसली.

"चला दादा, ओवाळणी काय घालताय?"

खिशात पाकीट होतं. ते मी काढलं नाही. म्हणालो, "ते काम सोड. उद्यापासून जाऊ नकोस." आणि मग सगळं सांगितलं. पोतं, चार शिंका, हे-फीवरची थाप, मेल, तीन आठवडे.

तिने शांतपणे विचारलं, "तुम्ही शिंकलात कधी?"

"जूनमध्ये."

"आणि मी विचारलं जुलैमध्ये."

"हो."

"शाळेत मी मुलांना सांगायचे," ती म्हणाली, "आधी निरीक्षण लिहा, निष्कर्ष नंतर." मग ती उठली आणि ताट देवापुढे ठेवून आली. त्या वर्षी माझं ओवाळणं अर्धंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला आणि सरकारी खात्याला कळवलं. पावडर बंद झाली, बाकीच्या कामगारांची तपासणी झाली. गाळलेल्या पायऱ्यांमुळे मेणात बियांचं प्रथिन किंचित उरत होतं, गोळ्यांत ते अडकून बसायचं आणि पावडरीतून हवेत उडायचं. नव्या अहवालात मी लिहिलं की भेटीच्या वेळी अहवाल लिहिणारा स्वतः चार वेळा शिंकला. साहेब म्हणाला, हे वाक्य बरं दिसत नाही. मी ते ठेवलं. पण कागद सुधारतो तशी छाती सुधारत नाही. डॉक्टरांनी तिला सांगितलं की शरीराने एकदा एखाद्या गोष्टीशी वैर धरलं की ते सहसा विसरत नाही. रेपसीडची चुलत बहीण म्हणून आता तिला मोहरीही चालत नाही. तडतडली तरी श्वास लागतो. त्यांच्या घरातून मोहरी गेली.

ती कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही. या भाऊबीजेला मात्र तिच्या मुलीचा मेसेज आला, आई म्हणते या. मी गेलो. वरणाला नुसती जिऱ्याची फोडणी होती. मी मान खाली घालून जेवलो. मग तिने पाट मांडला, ओवाळलं, या वेळी शेवटपर्यंत. ताटातला बेसनाचा लाडू उचलून माझ्यापुढे धरला.

"घ्या दादा," ती म्हणाली. "खाल्लं तरी चालेल."

ती हसत होती की नाही, ते बघायची माझी हिंमत झाली नाही. मी लाडू खाल्ला.