आठ चाळीसची नोंद

११ जुलै, शनिवार. रक्कम अठरा हजार पाचशे. हजर आम्ही तिघे: मी, बायको आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे इथल्या बोलीत तिचा तंबी. अण्णा नगरच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरच्या अलीकडे तीन स्टुलं होती. मेहुण्याने एक टोक धरलं, मी दुसरं. मधल्या स्टुलावर ती बसली. त्याच्याशी मी चार वर्षं बोललो नव्हतो आणि त्या दिवशीही बोलायचा विचार नव्हता.

भांडण इन्व्हर्टरचं होतं. त्याने सांगितला म्हणून घेतला आणि अकरा महिन्यांत त्याची बॅटरी फुगली, तो काढूनच टाकावा लागला. मी जाब विचारल्यावर म्हणाला, "भावोजी, वापरायची रीत असते." त्या वाक्यानंतर मी बोलणं थांबवलं. तो कंप्युटरच्या नोकरीत आहे. तिथे काय करतो ठाऊक नाही, पण फुकटचे सल्ले भरपूर देतो: फोन पूर्ण चार्ज करू नको, राउटर खिडकीत ठेव, पासवर्ड बदल. घरी कंप्युटर आमचा, वीज आमची, सल्ला त्याचा.

त्या कंप्युटरवर माझ्या सासूबाईंची एकेचाळीस रेकॉर्डिंगं होती. त्यांचं माहेर तंजावरचं आणि मराठीही तिथली, पिढ्यान्‌पिढ्या तमिळमध्ये मुरलेली. शेवटच्या वर्षी बायकोने त्यांच्यापुढे फोन ठेवून त्यांना घरातल्या गोष्टी सांगायला लावल्या. लोणच्याची बरणी, रेशमी साडी, तांदळातले किडे. चिंचेला त्या पुळी म्हणत. "पुळी मिठाशिवाय ठेवलीस आणि काळी पडली, तर कुणी शिकवलं म्हणून माझं नाव सांगू नको." सासूबाई गेल्या. तो फोनही बिघडला. आवाज उरला तो कंप्युटरवर.

४ जुलैला बायकोने रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं तर फाइलच नाही. कंप्युटरला जोडलेली बाहेरची डिस्क उघडेना. तिने भावाला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मीच एप्रिलमध्ये सगळं त्या डिस्कवर हलवलं," तो म्हणाला. "मशीन किती हळू झालं होतं."

"हलवलं म्हणजे? इथलं पुसलंस?"

"डिस्कवर आहे की, अक्का!"

"तंबीला सांग," मी बायकोला म्हणालो, "डिस्कवर काही नाही."

"त्यांना विचार," तिकडून उत्तर आलं, "डिस्कला हात कुणी लावला."

मी लावला नव्हता. तसं शपथेवर सांगितलं. आठवडाभर घरात मी एकच गोष्ट बोलत राहिलो: एकच प्रत ठेवून मूळ पुसणारा माणूस दुसऱ्याला रीत शिकवतो. बायको जेवण वाढायची. एकदा म्हणाली, "अहो, आई माझी गेली आहे. तुम्ही दोघं कशाला भांडताय?"

दुकानात डिस्क आणि कंप्युटर दोन्ही नेले. मालकीण चाळिशीची, चष्मा कपाळावर चढवलेला. तमिळमध्ये म्हणाली की बहुतेक फाइली निघतील, अठरा हजार पाचशे पडतील, निघाल्या नाहीत तर फक्त तपासणीचे पंधराशे. मग पडदा आमच्याकडे वळवून तिने विचारलं, "सार, रोज सकाळी आठ चाळीसला तुमच्याकडे काय होतं?"

कंप्युटर स्वतःच्या नोंदी ठेवतो, हे मला माहीत नव्हतं. कुठल्या मिनिटाला नीट बंद झाला, कुठल्या मिनिटाला वीज अचानक गेली, सगळं तारीखवार. मी चष्मा लावून मोजलं. एप्रिलच्या शेवटापासून अठ्ठावन्न वेळा. सगळ्या नोंदी आठ अडतीस ते आठ त्रेचाळीसमधल्या. रविवारी एकही नाही. मे महिन्यात दोन दिवस कोरे होते. त्या दोन दिवशी मी तापाने घरात पडून होतो.

आठ चाळीसला मी अंबत्तूरला कामावर जायला निघतो; बायको त्याआधीच शिकवण्यांना गेलेली असते. निघताना मेन स्विच पाडतो. फ्रिजची लाइन वेगळी घेतली आहे, बाकी घर बंद. दोन महिन्यांचं बिल पाचशे युनिटांच्या आत राहावं म्हणून ही सवय मी नऊ वर्षं पाळली आहे, आणि मीटरचा आकडा रोज कॅलेंडरवर लिहितो.

मेहुण्यानेही आकडे पाहिले. मग बहिणीला म्हणाला, "मशीन साडेआठला आपोआप चालू होऊन सगळ्याची प्रत त्या डिस्कवर उतरवेल, अशी वेळ मी लावली होती. तुम्ही दोघं बाहेर पडता, मशीन रिकामं. रोज सगळं पहिल्यापासून उतरवायला पाऊण तास लागतो, मग ते आपोआप बंद होतं. पडदा काळा दिसतो, आत काम चालू असतं. लिहिता लिहिता रोज वीज गेली की डिस्क खराब होते."

"हे मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. चार वर्षांतलं पहिलं वाक्य.

"तुम्ही बोलत होता का, भावोजी?"

"आणि मूळ पुसलंस ते?"

"आणि तुम्ही मेन पाडलीत ती? शंभर रुपयांसाठी?"

"शंभर नाही. पाचशे युनिटं ओलांडली की सहाशेचा फरक पडतो."

"बास!" बायको म्हणाली. मालकिणीने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ती दुसऱ्याच्या लॅपटॉपकडे वळली.

बुधवारी फाइली निघाल्या, तिघेही पुन्हा दुकानात गेलो. एकेचाळीसपैकी चौतीस. सात गेल्या, त्यांत पुळीची होती. मी पाकिटात पूर्ण रक्कम नेली होती. मेहुण्यानेही फोन काढला. चूक पुसणाऱ्याचीच मोठी, असं मी तिथेही म्हणालो आणि आजही म्हणतो. बायकोने दोघांचेही हात बाजूला केले.

"तुम्ही दिलेत तर तुम्ही सांगत फिराल, याने दिले तर हा. माझ्या आईचे पैसे मी देते."

तिने शिकवणीच्या पैशांतून, स्वतःच्या फोनवरून, दुकानाच्या मालकिणीला अठरा हजार पाचशे रुपये दिले. मेहुण्याचे शून्य, माझे शून्य. पावती तिच्या नावावर आहे. डिस्क आता तिच्या कपाटात असते आणि किल्ली आम्हा दोघांपैकी कुणाकडेही नाही.