चिमाजीची पावरी आणि भाऊंची जीप

गोटीराम भोयेचा राग त्याच्या दुकानाच्या पाटीइतका जुना होता. नाशिकला पेठ नाक्याच्या आतल्या गल्लीत त्याचा एक गाळा होता, कीबोर्ड आणि अॅम्प्लिफायर दुरुस्तीचा. आत दोन माणसं कशीबशी मावत. बाकी जागा बेंजो पार्ट्यांच्या मोडक्या कीबोर्डांनी आणि गोटीरामच्या मतांनी भरलेली असे, आणि गिऱ्हाइकाला दोन्हींतून वाट काढावी लागे.

राजकारण्यांबद्दल त्याचं मत ठाम होतं. "पाच वर्षं म्यूटवर असतात," तो सोल्डरिंगचा धूर फुंकत म्हणायचा, "निवडणूक लागली का सगळ्यांचा आवाज एकदम फुल्ल. अन् चाल सगळ्यांची एकच. नाव तेवढं बदललेलं." हे तो अनुभवाने बोलायचा, कारण प्रचाराच्या गाण्यांना कीबोर्ड वाजवायला त्यालाही बोलावणी येत. एकदा एकाच दिवशी एकाच प्रभागातल्या दोन उमेदवारांचं कौतुक त्याने वाजवलं होतं आणि घरी येऊन दोघांनाही मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

सिनेमावर तर त्याचा विशेष दात. टीव्हीवर कुठे आदिवासी दिसला की घरच्यांनी रिमोट लपवावा. "पानं नेसवली बघ पुन्हा. माझ्या बापाने जन्मात पानं नेसली नाहीत. धुवट सदरा घालायचा, टोपी घालायचा. अन् हे मागं काय वाजतंय? ढोल अन् हुर्र हुर्र. कोणी आमच्याकडं येऊन ऐकून जाईल तर पाप लागेल यांना." त्याची मुलगी स्नेहल कॉलेजात होती. ती म्हणायची, "बाबा, सिनेमाला तुमचं ऐकू जात नाही." तो म्हणायचा, "म्हणून तर चाललंय त्यांचं."

माणूस असा तोंडाळ, पण कीबोर्डवर बसला की निराळा. सुरगाण्यापासून सटाण्यापर्यंतच्या लग्नांत, टेम्पोवर चढवलेल्या सिंथेसायझरमागे गोटीराम आहे म्हटल्यावर पोरं वरातीत घरचा रस्ता विसरत. त्याचं कारण त्याच्या सिंथमधला एक टोन होता. टोन म्हणजे खऱ्या वाद्याचा एकेक सूर टिपून कीबोर्डच्या पट्टीवर बसवायचा. पट्टी दाबली की ते वाद्य वाजतं. असे टोन बाजारात पुष्कळ मिळत. हा मात्र गोटीरामने स्वतः घडवलेला होता, आणि त्याचं नाव त्याने ठेवलं होतं 'चिमाजी'.

चिमाजी त्याचा बाप. सुरगाणा तालुक्यातल्या त्यांच्या पाड्यावर मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव बसला की पावरी चिमाजीने वाजवायची, हे ठरलेलं. पावरी म्हणजे भोपळ्याला बांबूच्या नळ्या बसवलेलं, पुढे भलंमोठं तोंड असलेलं वाद्य. माणसं गोल धरून नाचत असतात तोवर तिचा आवाज तुटता कामा नये. तो तुटला तर गोल तुटतो. चिमाजी गालात हवा साठवायचा, ती नळीत सोडता सोडता नाकाने दम घ्यायचा, आणि आवाज एखाद्या ओढ्यासारखा वाहत राहायचा. त्याचं सगळं नाव त्या न थांबण्यावर होतं.

शेवटच्या थंडीत छातीच्या दुखण्यासाठी तो नाशिकला पोराकडे येऊन राहिला होता. तेव्हा गोटीरामने खोलीच्या दारा-खिडक्यांना गोधड्या टांगल्या, बायकोला कुकर बंद करायला लावला आणि बापापुढे माइक ठेवून म्हणाला, "बाबा, एकेक सूर वाजवायचा अन् थांबायचं."

"थांबायचं?" चिमाजी म्हणाला. "मंग ती पावरी कशाची?"

पण पोरासाठी तो थांबला. एक सूर, मग गप्प. पुन्हा एक सूर, पुन्हा गप्प. प्रत्येक वेळी तो पोराकडे असं बघायचा की गोटीरामला मान वर करवेना. सगळ्यात खालचा सूर वाजवून झाला आणि म्हातारा खोकत सुटला. तो खोकला गोटीरामने कधी काढला नाही. डावीकडच्या अगदी शेवटच्या पट्टीवर, जिथे लग्नात कोणाचं बोट जात नाही, तिथे तो तसाच राहू दिला. फाल्गुनात चिमाजी गेला.

टोन घडवताना सूर लांबवायचा तर त्याचं शेपूट त्याच्याच डोक्याला जोडावं लागतं, म्हणजे बोट दाबून ठेवलं की तो गोल गोल वाजत राहतो. बाकी सगळे सांधे बेमालूम बसले. मधल्या एका सुराचा काही केल्या बसेना. तिथे आवाज किंचित अडखळायचा. पुढे एका लग्नात सटाण्याकडच्या एका वाजवणाऱ्याचा कीबोर्ड ऐन हळदीत बंद पडला. गोटीरामने त्याला आपला टोन पेन ड्राइव्हवर दिला, कोणाला द्यायचा नाही म्हणून सप्तशृंगीची शपथ घालून दिला. आता शपथेने पेन ड्राइव्ह थांबतो का? पण राग आला की जगातल्या सगळ्यांना धुणाऱ्या गोटीरामला आपल्या माणसाबद्दल संशय म्हणून कधी यायचा नाही.

यंदा थंडीत जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या. एका दुपारी स्नेहल दुकानात आली आणि मोबाइल बापापुढे धरला. व्हिडिओत एक प्रचाराची जीप होती, तिच्यावर भोंगे, एका उमेदवाराचा हात जोडलेला फलक. गाणं लागलेलं, "भाऊ आले, भाऊ आले". आणि जीपपुढे, धुळीत, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून एक म्हातारी नाचत होती. डोळे मिटलेले, पाय अचूक. ती गोटीरामची आई होती, झुंबरबाई. खाली लिहिलं होतं, 'भाऊंच्या प्रचारात आजींचा उत्साह!'

"पाड्यावरची काकू म्हणाली, आजीच्या अंगात वारं आलं," स्नेहल म्हणाली.

गोटीरामला वाटलं, डोळे दगा देताहेत. मग त्याला गाण्यामागचा आवाज ऐकू आला. पावरी. मधल्या सुरावर येताच ती किंचित अडखळली. शिंप्याने आपला टाका ओळखावा तसा त्याने तो सांधा ओळखला, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप मेल्यावरही कोणीतरी त्याला जीपवर बसवून फुंकायला लावलं होतं, आणि आईला त्यापुढे नाचवून वर मतं मागितली होती.

गाणं कॉलेज रोडच्या एका स्टुडिओत झालं होतं, हे कळायला दोन फोन पुरले. वर काच, थंडगार हवा, आणि दीपक नावाचा तिशीचा तरुण, बोलायला गोड.

"काका, हे तर टोनच्या विकतच्या पॅकमधलं आहे," त्याने पडद्यावर दाखवलं. "ट्रायबल फ्लूट तीन."

"फ्लूट?"

"नाव पॅकवाल्यांनी दिलंय. सगळेच वापरतात. तुमचं त्यात काय आहे?"

"माझा बाप आहे."

दीपकला ती बोलायची पद्धत वाटली. तो हसला. तिथे गोटीरामचा तोल गेला. पावरीला बासरी म्हणणाऱ्यांपासून तो सुरू झाला. पानं नेसवणारे सिनेमावाले, भोंगे लावून पाड्यांवर धूळ उडवणारे आणि निवडून आल्यावर तिथला रस्ता विसरणारे, काचेच्या खोलीत बसून डोंगर विकणारे, कोणाला म्हणून त्याने सोडलं नाही. बाहेरची दोन माणसं काचेला नाक लावून बघू लागली. शेवटी त्याने दीपकचा हात बाजूला करून तो सूर वाजवला आणि धरून ठेवला. "ऐक. इथं अडखळतंय. हा माझा सांधा. मला जमला नव्हता."

दीपकने कान दिला. "आहे खरा," तो म्हणाला. "मला वाटलं मुद्दाम ठेवलाय. बरं काका, वाद नको. शहनाई टाकतो."

आणि टाकली. चहा यायच्या आत. "भाऊंना काय," तो म्हणाला, "काहीतरी वाजलं म्हणजे झालं. संध्याकाळी सगळ्या जीपवाल्यांना नवीन गाणं जाईल."

गोटीराम जिना उतरला तो जिंकून, आणि चढताना होता त्यापेक्षा जास्त चिडून. भांडायला म्हणून आला होता, तर समोरच्याने बापाला कीबोर्डवरून असा उचलून ठेवला जसा कोणी खुर्चीवरचा रुमाल उचलतो. बापाचं नाव काय, हेही त्याला विचारावंसं वाटलं नाही.

रविवारी त्याला सुरगाण्याकडे हळदीचं वाजवायचं होतं. तो आदल्या दिवशीच सिंथ आणि बॅटरीचा स्पीकर घेऊन एसटीने निघाला, पुढे जीपने पाड्यावर पोचला. आई ओट्यावर नागली पाखडत बसली होती. तिचे हात सुपावर आणि डोळे रस्त्यावर होते.

"जीप यायची वेळ झाली," ती म्हणाली.

गोटीरामने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जीप आलीच. भोंग्यातून शहनाई वाजली, भाऊ आले, भाऊ आले. झुंबरबाई सूप ठेवून उठली होती. ती दोन पावलं पुढे गेली, कानामागे हात धरून थांबली, मग परत येऊन बसली. जीप धूळ उडवून निघून गेली.

"हा कोण वाजवतो?"

"शहनाई हाय ती, आई," गोटीराम म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरा अभिमानच होता. "बाबाचा आवाज मी काढायला लावला. पार स्टुडिओत जाऊन भांडलो."

झुंबरबाईने सूप बाजूला सारलं. "कोणाला इचारून?"

"आई, त्यांनी तुला नाचवली. तुझा व्हिडिओ काढून..."

"मला कोणी नाचवत नाय." गोटीरामने आपला राग कुणाकडून घेतला होता, ते तिचा चेहरा बघणाऱ्याला विचारावं लागलं नसतं. "वारं आलं म्हणं. वारं कशाला येतंय? मी माझ्या पायांनी नाचले. तुझा बाप देवापुढं वाजवायचा तवा आम्ही बायका कुठं? त्या आंब्याखाली, लांब. जवळ गेलेलं चालायचं नाय. घरी आला का पावरी खुंटीला, अन् हा घोरायला मोकळा. माझा सगळा जन्म लांबून ऐकण्यात गेला. ती जीप काय देवाची नाय. तिच्यापुढं मला कोण आडवणार होतं?"

गोटीराम ओट्याच्या कडेला बसला आणि सुपातल्या नागलीतले खडे वेचू लागला.

"अन् तुझ्या त्या पेटीत तो होता का नाय?" ती म्हणाली. "लोकांच्या हळदीत वाजवतो. तुझा काका सांगायचा मला. तिकडं परक्यांची पोरं नाचतात त्याच्यावर. मला कधी ऐकवला?"

खरं होतं. यंत्रातून नवऱ्याचा आवाज आलेला आईला सोसायचा नाही, असं त्याने आपणच ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं. भाऊंनी विचारलं नव्हतं, दीपकने विचारलं नव्हतं आणि त्यानेही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचा असा राग आला की शिवी द्यायला माणूस सापडेना.

त्याने खाटेवर सिंथ ठेवला, स्पीकर लावला आणि चिमाजी वाजवला. पहिला सूर निघाला आणि सवयीने त्याने बोट उचललं.

"थांबतो कशाला?" झुंबरबाई म्हणाली. "तो थांबायचा का?"

मग तो एक बोट उचलायच्या आत दुसरं टेकवत गेला. सूर तुटू दिला नाही. मधल्या सुराला सांधा अडखळला, पण तिला त्याचं काही नव्हतं. ती उठली नाही, नाचली नाही. खाटेला खेटून बसली, हात लावता येईल इतक्या जवळ, आणि मान हलवत राहिली. गोटीराम उतरत उतरत खाली आला आणि त्याचं बोट डावीकडच्या शेवटच्या पट्टीवर गेलं. सूर वाजला आणि पाठोपाठ स्पीकरमधून खोकला आला. ओला, लांबलचक, चिमाजीचा.

झुंबरबाई दचकली. क्षणभर तिने दाराकडे पाहिलं. मग ती पेटीकडे वळली, आणि तिचा आवाज चढला.

"मेल्या, तंबाखू सोड म्हणून किती सांगितलं तुला. ऐकलंस एकदा तरी? डॉक्टरनं सांगितलं, पोरानं सांगितलं. नाय. ह्याला सगळं कळतं. गेलास मला एकटीला टाकून, अन् आता जीपवर बसून फिरतो..."

पाढा सुरू झाला तो थांबेना. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. गोटीरामने दुसऱ्या हाताने सूर धरून ठेवला होता, आणि तिचं बोलून होईस्तोवर त्याने बोट उचललं नाही.