दाजींच्या विहिरीतली शेवटची बाटली

खालापूरहून तांदूळ घेऊन आलेल्या गाडीवानाने कर्जतला माझ्या शाळेसमोर बैल थांबवले आणि गाडीवरूनच सांगितलं, "मास्तर, दाजी गेलं. पहाटं झोपेतच." मी हातातला खडू खिशात टाकला. आणि मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर त्यांची विहीर... तिच्यात एक बाटली अजून लटकत होती. वाचकांनी खुशाल हसावं. दाजींची आठवण रडत सांगितलेली त्यांना मुळीच खपली नसती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. चौदा सालच्या लढाईत लष्करी कोठारावर कारकून म्हणून ते फ्रान्सला गेले. तिथे एका म्हाताऱ्या द्राक्षबागाईतदाराकडे त्यांचा मुक्काम होता. म्हाताऱ्याने त्यांना आधी वाइनचा वास घ्यायला शिकवलं, मग प्यायला! परतल्यावर घरच्यांनी रीतसर प्रायश्चित्त करवलं; तेही दाजींनी हसत हसत केलं. पण त्याच सुमारास इन्फ्लुएंझाची साथ आली. जीव वाचला, पण नाक गेलं. मोगरा आणि शेण, दोन्ही त्यांना सारखंच. "आता वाइन काय आणि पाणी काय," असं एकदाच म्हणाले आणि फ्रान्सच्या गोष्टी बंद झाल्या. एवढा बोलका माणूस खाली मान घालून जेवू लागला, याचं मला फार वाईट वाटे.

पुढे बऱ्याच वर्षांनी माथेरानचा बंगला विकून निघालेल्या एका पारशी शेठजींनी त्यांना फ्रेंच वाइनची पेटी भेट दिली. शेठजींचं सामान नेरळहून डोंगरावर पोचवायचं काम दाजींकडे असे. दाजी पेटी उघडायलाच तयार नव्हते. मीच हट्ट धरला. शेवटी म्हणाले, "बरं, तो म्हातारा विहिरीत करायचा तशी गार तरी करू." बाटल्या शिंक्यात घालून आम्ही विहिरीत सोडल्या. सकाळी बघतो तर नावांचे सगळे कागद सुटून पाण्यावर तरंगताहेत! म्हाताऱ्याच्या घरच्या बाटल्यांना कागदच नसत, त्यामुळे हे दाजींच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आता कोणती कुठली, कसं कळायचं?" मी कपाळाला हात लावला.

"बुचावर मुलखाचं नाव असतं. बूच तू मुठीत धर. मी ओळखतो," दाजी म्हणाले आणि मग हळूच, "ओळखता आलं तर."

ओट्यावर बसून त्यांनी पहिला घोट घेतला. काही नाही. पेला खाली ठेवला आणि गोठ्याकडे बघत बसले. बूच माझ्या मुठीतच होतं. मी उगाच शाळेतल्या गमती सांगत राहिलो... बऱ्याच वेळाने त्यांनी पेला पुन्हा नाकाशी नेला.

"जांभूळ," ते म्हणाले. "थांब, बोलू नकोस... ओला पाचोळा. अरे, ओला पाचोळा!" ते ताडकन उठले. "बर्गंडी! म्हाताऱ्याची बर्गंडी!"

मी मूठ उघडली. बुचावर तेच नाव! आम्ही दोघं एवढ्या मोठ्याने ओरडलो की बैल बुजले. दाजी तसेच स्वयंपाकघरात धावले. "आज सुकट भाजलीस का गं?"

"आज?" आक्का चुलीपुढून म्हणाली. "अवो, रोजच भाजते मी!" आणि पदराने डोळे पुसू लागली. धुराने नव्हे, हे मला ठाऊक आहे.

त्यानंतर दाजींना आवरणं कठीण. सणासुदीला एकेक बाटली निघायची, बूच माझ्या मुठीत. एकदा बोर्दोच्या वाइनला भलतंच नाव देऊन बसले आणि दिवसभर बुचाशीच भांडले! एका उन्हाळ्यात करवंदांची वाइन घातली; बरणी फुटून माजघर जांभळं झालं, तरी तिच्यावरही तासभर बोलले. शेवटची बाटली मात्र काढू देईनात. "राहू दे. वाट बघायला काहीतरी हवं," म्हणायचे.

तेराव्यानंतर मी विहिरीवर गेलो. आक्का पाणी शेंदत होती. शिंक्याचा दोर तिने एका हाताने अलगद बाजूला धरला होता, कळशी बाटलीवर आपटू नये म्हणून. इतकी वर्षं त्या बाटल्यांना नाक मुरडणारी माझी बहीण!

"आक्का, काढू का ती वर?"

"राहू दे रं," ती म्हणाली. "त्यांना गारच लागते."