वाजवून घेतलेला फ्रिज

आमच्या आईनं मला एकच विद्या नीट शिकवली, वस्तू वाजवून घ्यायची. माठ घेताना बोटाच्या पेरानं ठोकायचा, खणखणीत वाजला तरच उचलायचा. नारळ कानाशी धरून हलवायचा, टरबुजावर थाप मारायची. माझ्यासाठी मुलगी बघायला गेली तेव्हासुद्धा तिनं आधी शेजारच्या चार घरांत चौकशी केली होती, आणि ते बायकोला अजून बोचतं. मी शाळेत मास्तर झालो, पण खडूचा बॉक्ससुद्धा उघडून बघितल्याशिवाय सही करत नाही. गावात मला पाठीमागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

दोन वर्षांखालच्या उन्हाळ्यात आईची साखर गोळ्यांना ऐकेना. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं आणि बजावलं, की हे औषध गारव्यात राहिलं पाहिजे, तापलं तर त्याचा काही उपयोग नाही. आमच्या घरात फ्रिज नव्हता. आईला त्यातलं पाणी आवडत नाही म्हणून कधी घेतलाच नव्हता. तिथल्या एका सिस्टरनं तोवरचा उपाय सांगितला: माठाखाली ओली वाळू, वाळूत लहानसं मडकं, मडक्यात पिशवीत बांधलेली बाटली. आईनं मान हलवत हलवत ते सगळं ऐकून घेतलं. माझं मन मात्र घेईना. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या घरातलं मडकं, आणि त्याच्यावर आईचा जीव सोपवायचा? मला फ्रिज पाहिजे होता, आणि तोही त्याच आठवड्यात.

शाळेला रजा टाकून अंबाजोगाईला दुकानं हिंडलो. पहिल्या दुकानात पाय ठेवला न ठेवला तोच थंडगार पाणी आलं, मग चहा, मग 'सर' म्हणत खुर्ची. एवढी सरबराई आपल्या सासुरवाडीलासुद्धा होत नाही, म्हणजे इथं काहीतरी गळ्यात मारायचा बेत आहे, असं म्हणून मी चहा अर्धा सोडून उठलो. दुसऱ्या दुकानात मी जो फ्रिज दाखवीन तो 'शेवटचा पीस' निघायचा. तीन फ्रिज, तिन्ही शेवटचे! एकाच्या आतल्या कप्प्याला कोथिंबिरीचं वाळकं पान चिकटलेलं सापडलं, तेव्हा मी ते पान चिमटीत धरून विक्रेत्याला दाखवलं आणि त्यानं एसीकडं बघितलं.

तिसऱ्या दुकानाचा मालक साठीतला, कमी बोलणारा. चहा नाही, पाणी नाही, आग्रह नाही. याचा तर मला सगळ्यात जास्त संशय आला. ज्याला विकायची घाई नाही, त्याचं काहीतरी शिजत असणार. मी खोक्याचं सील माझ्यासमोर फोडायला लावलं. फ्रिजवर पेरानं ठोकून बघितलं, दार वीस वेळा उघडलं आणि लावलं, पाठीमागचा नंबर कार्डावरच्या नंबराशी दोनदा ताडून पाहिला. तो शांतपणे बघत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, की उद्या सकाळी आमच्या टेम्पोतून घरपोच देतो. उभाच न्यावा लागतो, आडवा करायचा नाही. आणि घरी गेल्यावर चार तास तसाच राहू द्या, मग चालू करा.

उद्या सकाळी! म्हणजे रात्रभर फ्रिज यांच्या ताब्यात. खोकं तेच, आतला माल दुसरा. मला कळत नाही का? आणि उभाच न्यायचा, म्हणजे त्यांच्याच उंच टेम्पोतून न्यायचा. चार तास थांबायचं, म्हणजे काही बिघाड निघाला तर तोवर यांचं दुकान बंद. एकेक धागा मी असा काही जुळवला, की कोर्टातल्या वकिलानं ऐकून पाठ थोपटली असती.

दुकानाबाहेर मी सोबत आणलेली मेहुण्याची पिकअप उभी होती. त्यानं दोनदा सांगितलं, दाजी, दोरीनं आवळून उभा नेऊ, हळूहळू जाऊ. पण आमचा रस्ता नांदूरघाटाकडून पुढं कसा आहे ते मला माहीत. मी वाकळ अंथरली, फ्रिज तिच्यावर आडवा निजवला आणि स्वतः मागं त्याच्या शेजारी बसलो. केजपासून पुढं खड्डा आला, की मी त्याच्यावर हात ठेवायचो. ऊन मी म्हणत होतं, पण मनातून आपण कोणाला फसलो नाही याचा आनंद होता.

घरी आईनं दारातच हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी तिला हसत हसत सांगितलं, की दुकानदार म्हणे उभा न्या, म्हणे चार तास थांबा. मलाच शिकवायला निघाला होता. आई म्हणाली, थांबावं की मग, काय बिघडतंय. मी ऐकलं नाही. आडवा होता तो उभा केला आणि पाचव्या मिनिटाला बटण दाबलं. पोटात गुरगुर झाली, आत लाइट लागला, वरच्या कप्प्यात हात घातला तर हळूहळू गारवा यायला लागला. मी बायकोला म्हटलं, बघ, कुठं काय झालं!

त्या दिवसापासून दारातल्या कप्प्यात इन्सुलिनचा खोका दिसायचा. आई सुई स्वतःच टोचून घ्यायची, दुसऱ्याच्या हातावर तिचा भरवसा नव्हता. मी शाळेतून आलो, की दार उघडून खोका जागेवर आहे ना ते बघायचो आणि समाधानानं दार लावायचो.

चौथ्या दिवशी दुपारी पाण्याची बाटली काढली तर ती कोमट लागली. मोटार चालू होती, लाइट लागत होता आणि आत नुसती उकड. माझ्या पायाखालची जमीन सरकली. किती वेळ झाला असेल? सकाळपासून? कालपासून? आणि आई तेच औषध टोचून घेत होती? बाहेरच्या खोलीत ती पलंगावर डोळे मिटून पडली होती. मी तिला गदागदा हलवलं. तिनं डोळे उघडून विचारलं, कावून हलवतूस, जरा डोळा लागलता.

मग दुकानदाराला फोन लावला. जे तोंडाला आलं ते बोललो. आईच्या जिवाशी खेळलात, जुना माल गळ्यात मारलात, ग्राहक मंचात खेचतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या: फ्रिज उभा नेला होता ना, आणि किती वेळानं चालू केला?

"उभाच नेला. आणि चार तासांनी चालू केला," मी म्हणालो.

जीभ जरासुद्धा अडखळली नाही. बरं, येतो, एवढंच तो म्हणाला, आणि खरोखरच त्या उन्हात मेकॅनिकला मोटारसायकलवर मागं बसवून तो माणूस आमच्या दारात आला. एवढ्या लांब! मी मनात म्हटलं, खोट त्यांचीच आहे, म्हणून तर धावत आलाय.

मेकॅनिकनं पाठीमागची जाळी तपासली, मोटारीला हात लावला आणि तेच दोन प्रश्न विचारले. मी तेच उत्तर दिलं. या खेपेला जरा मोठ्यानं दिलं. तो दुकानदाराकडं बघत म्हणाला, मोटारीचं तेल नळीत चढलंय, उभ्या आणलेल्याला असं होत नाही. मी आवाज चढवणार, तेवढ्यात पलंगावरून आई बोलली.

"आडवा आनलता, बाबा. वाकळंवर निजवून. आन आल्या आल्या चालू केला."

मला वाटलं, आता हा माणूस माझी अब्रू काढणार, आणि त्याला तो हक्क होता. पण त्याचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. तो आईजवळ गेला आणि काळजीनं विचारलं, "मावशी, तुमचं इंजेक्शन याच्यातच होतं का?"

आई उठली. माठापाशी जाऊन तिनं ओल्या वाळूतलं मडकं काढलं, त्यातली पिशवी सोडली आणि बाटली त्याच्या हातावर ठेवली. गार होती. मी फ्रिजच्या दारातला खोका उघडला. रिकामा होता! कोथिंबिरीचं पान हुडकून काढणारा मी, चार दिवस तो खोका बघत होतो आणि एकदाही उघडला नव्हता.

मी कसंबसं विचारलं, आई, मला सांगायचं तरी. ती म्हणाली, "तू त्या मानसाचं ऐकलं न्हाईस, मग म्या तुझं कावून ऐकावं?"

दुकानदारानं दुसऱ्या दिवशी टेम्पो पाठवला, फ्रिज उभा नेला आणि आठवड्यानं दुरुस्त करून उभाच आणून दिला. वॉरंटीचं एक अक्षर त्यानं काढलं नाही. मी घड्याळ समोर ठेवून चार तास बसून राहिलो. आईनं आणखी पंधरा दिवस वाट बघितली, रोज पेल्यात पाणी ठेवून ते गार होतंय का ते स्वतः पाहिलं, आणि मगच बाटली मडक्यातून फ्रिजमध्ये हलवली.

तो फ्रिज अजून चालतो, आईची साखरही ठीक आहे. फक्त एक गोष्ट बदलली. दवाखान्यातून रिपोर्ट आणला, किंवा नुसतं सांगितलं, की औषध आणलंय, जेवलोय, एसटी वेळेवर मिळाली, तरी ती क्षणभर माझ्या तोंडाकडं बघते.

"खरं सांगतूस ना?" असं विचारते. पन्नास वर्षांत हे तिनं मला कधी विचारलं नव्हतं.