न्हाणीचं धुरांडं

आमच्या न्हाणीघरात पूर्वीपासून चुलाण आहे. चुलाण म्हणजे पाणी तापवायची मोठी चूल. तिच्यावर तांब्याचा हंडा कायमचा बसवलेला, आणि मागच्या भिंतीतून धूर वर नेणारं धुरांडं. जळण वाडीतलंच, नारळ सोलून उरलेली सोडणं, करवंट्या, सुकल्या झावळ्या. दिवेआगरात ज्याची वाडी आहे त्याने पाणी तापवायला वीज जाळावी ही मला चैन वाटायची. तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

मी स्वतः मात्र त्या न्हाणीत कधी आंघोळ केली नाही. माझी आंघोळ विहिरीवर, गार पाण्याने, बारा महिने. पहिला तांब्या अंगावर घेताना मी इतक्या मोठ्याने स्तोत्र म्हणायचो की शेजारी त्यावर घड्याळ लावतात, असं बायको म्हणायची. चुलाण पेटवायची ती, तिथे आंघोळ करायची ती, तिथेच बसून कपडे धुवायची तीही तीच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

मग वादळ आलं. आमच्याकडे नुसतं वादळ म्हटलं तरी पुरतं, कुठलं ते विचारावं लागत नाही. दुपारभरात पोफळी आडव्या झाल्या, माडांचे शेंडे मोडले, आमची कौलं शेजाऱ्यांच्या अंगणात आणि शेजाऱ्यांची आमच्या विहिरीत. धुरांड्याचा वरचा चिरेबंदी भागही माड पडून ढासळला. गावातले सगळे गवंडी सगळ्यांनाच हवे होते. त्यांची वाट बघत बसणाऱ्यांतला मी नव्हे. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, एक धुरांडं मला उभं करता येणार नाही? कौलांच्या जागी पत्रे घातले तेव्हा त्यातून मी एक लोखंडी नळकांडं वर काढलं आणि खालच्या जुन्या बांधकामाला सिमेंटने चिकटवलं. पडलेल्या माडापोफळींचे ओंडके रचून ठेवले होते, तेच जळण. पुरते सुकलेलेही नव्हते, पण फुकटचं टाकायचं कशाला?

पहिल्याच आठवड्यात सोडणांच्या ठिणग्या वर जाऊन पत्र्यावरच्या वाळक्या पाल्यावर पडल्या. त्यावरही मी उपाय काढला. सुपारी वाळत घालायची माझी एक चौकट होती, बारीक तारेच्या जाळीची. वाळवायला आता सुपारीच उरली नव्हती. ती जाळी कापून नळकांड्याच्या तोंडावर घट्ट बांधली. ठिणग्या बंद. माझ्या हुशारीवर मी इतका खूश होतो की चार जणांना शिडीवर चढवून ती जाळी दाखवली.

त्यानंतर काही महिन्यांनी बायको म्हणायला लागली, "अहो, न्हाणीत बसलं की डोकं धरतं हो. बाहेर येऊन वारा लागला की उतरतं."

"झाडं माझी पडली आणि डोकं तुझं धरलंय," मी म्हटलं.

ती हसली. मी विनोद केला की ती हसायची, तो चांगला असो की नसो. पण चार दिवसांनी पुन्हा तेच. मला वाटलं, हिला गिझर हवा आहे आणि ही आडून मागते आहे. मग म्हणाली, "कोणाला तरी बोलावून ते धुरांडं एकदा बघून घ्या ना."

"कोणाला बोलावू? धुरांड्याला डॉक्टर असतो काय?"

थंडीत ती बादलीभर कढत पाणी उचलून मागच्या परसात न्यायला लागली. तिथे झावळ्यांचा आडोसा करून आंघोळ करायची. शेजारी होमस्टे आहे, पर्यटक उतरतात. मी रागावलो. घरात चांगली न्हाणी असताना हे काय चाललंय, लोक काय म्हणतील, असं बरंच बोललो. ती बादली घेऊन मुकाट्याने आत गेली. त्यानंतर तिने डोक्याचं नाव काढलं नाही. मला वाटलं, दुखणं गेलं.

ती गेली त्याचा न्हाणीशी काही संबंध नाही. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती, ते दुखणं जुनं आणि वेगळं. हे मी डॉक्टरांना एकूण चार वेळा विचारलं आहे. चौथ्या वेळेला ते माझ्याकडे जरा रोखून बघायला लागले.

ती गेल्यावर घर मोठं झालं. बोलायला कोणी नाही याची सवय होत नाही, गप्प बसायची तेवढी होते. एकट्यासाठी भात करायचा तर पातेल्याच्या तळाशी चमचाभर तांदूळ दिसतो आणि तो बघूनच भूक मरते. मी स्तोत्र म्हणायचं सोडलं. शेजारी घड्याळं कशावर लावतात कोण जाणे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या छातीत कफ झाला आणि डॉक्टरांनी विहिरीवरची आंघोळ बंद केली. जन्मात पहिल्यांदा मी रोज चुलाण पेटवून न्हाणीत बसायला लागलो. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पश्चिमेच्या खिडक्यांना आम्ही झापं बांधतो. माडाच्या विणलेल्या झावळ्या त्या. ती असताना नवरात्र आलं की ती झापं सोडून चुलीत घालायची. माझ्याकडून न्हाणीच्या खिडकीची तशीच राहिली.

आणि माझं डोकं धरायला लागलं. आधी कानशिलं ठणकायची, मग मळमळायचं. एक दिवस पाटावरून उठताना पाय कापसाचे झाले. दाराच्या उंबऱ्यापर्यंत रांगत आलो आणि मागच्या पायरीवर पडून राहिलो. वाऱ्यावर पाच-दहा मिनिटांत बरं वाटलं. आठवडाभरात असं तीनदा झालं. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या वाढवल्या. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, आता पुरे. तुम्ही पडलात तर कळायलाही दोन दिवस लागतील. दिवाळीला येतो आणि तुम्हाला घेऊनच जातो. घर होमस्टेला चालवायला देऊ."

"अरे, मला फक्त न्हाणीत होतं. बाहेर आलो की बरं वाटतं."

"वय झालं की असं होतं, बाबा."

मी फोन आपटला. आपलं खरं असताना कोणी ऐकून घेत नाही म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. रात्रभर चिडचिड केली. पण त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे पुरावा नव्हता. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर, दुसऱ्याच्या घड्याळाने चहा पीत बसायचं, या विचाराने मला खरंच रडू आलं. हे घर सुटलं तर तिची म्हणून उरलेली सगळी जागाच सुटणार होती.

अशात शेजारच्या वहिनींकडे एक मिस्त्री आले. त्यांच्या होमस्टेच्या पाहुण्यांना चुलीवरचं जेवण हवं असतं आणि धूर मात्र नको असतो. म्हणून त्यांनी हंगामाआधी मुरुडकडच्या या मिस्त्रींना बोलावलं होतं. बेकऱ्यांच्या भट्ट्यांची धुरांडी तपासायची आणि साफ करायची, हाच त्यांचा जन्माचा धंदा. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरून स्कूटरवर दोऱ्या, ब्रश आणि एक आरसा घेऊन आले होते. धुरांड्याला डॉक्टर निघाला म्हणायचा, तर बघू या म्हणून मी गंमत करायलाच गेलो.

मिस्त्री वहिनींना सांगत होते, "वादळ झालं, छप्पर बदललं, जळण बदललं, की धुरांडं उघडून बघायलाच लागतं. घर बरेच दिवस बंद असलं तरी. आन् काय न्हाय झालं तरी वर्षातून एकदा, पावसाच्या आधी. पाखरं घरटी करतात, खारा वारा लोखंड खातो. खालून बघून काय कळत न्हाय."

"आणि बघितलं नाही तर?" मी विचारलं.

"धूर दिसतो तो बरा, मास्तर. डोळ्यांत जातो, माणूस पळतो. निखाऱ्याचा दिसत न्हाय तो वाईट. वास न्हाय, काय न्हाय. नुसतं डोकं धरतं. बाहेर आलं की उतरतं."

अपुऱ्या हवेत जळण जळलं की कार्बन मोनॉक्साइड वायू होतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. मुलांना त्यावर हमखास प्रश्न घालायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी त्यांना तिथूनच घरी आणलं. न्हाणीत शिरल्यावर त्यांनी आधी खिडकीवरचं झाप ओढून काढलं. मग मूठभर सुकी सोडणं पेटवून चुलाणाच्या तोंडाशी उदबत्ती धरली. उदबत्तीचा धूर आत ओढला जायला हवा होता. तो सरळ आमच्या अंगावर आला. "बघा," ते म्हणाले. विस्तव विझवून त्यांनी आरसा आणि बॅटरी लावून आत पाहिलं. मग शिडीने पत्र्यावर चढले. वरून ठोकल्याचे आवाज येत राहिले. मी खाली शाळेत निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा उभा.

खाली आले तेव्हा त्यांच्या हातात माझी जाळी होती. ती जाळी आहे हे मला कडेच्या तारेवरून ओळखावं लागलं. ओल्या ओंडक्यांच्या धुराने तिच्यावर डांबरासारखा थर बसून भोक असं एकही राहिलं नव्हतं. पत्र्याजवळ नळकांडं गंजून फुटलं होतं आणि त्या फटीशेजारचा वासा जळून काळा पडला होता. "एखाद दिवशी छप्पर पेटलं असतं," मिस्त्री म्हणाले. "जाळी पायजेच, पण मोठ्या भोकांची आन् दर महिन्याला झाडायची. ही कुणी बसवली?"

"मी."

"बसवून किती वर्सं झाली?"

"वादळापासूनच."

ते हाताची काजळी पुसत थांबले. "तेव्हापासून तुम्हीच न्हाताय हितं?"

"नाही. आधी बायको. आता ती नाही."

"मग त्यांना त्रास न्हाय झाला कधी?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते मला त्या क्षणी ठाऊक होतं. परक्या माणसासमोर मला लाज वाटली. मेलेल्या माणसाची मी पुन्हा एकदा तक्रार बुडवली, आणि तीही त्याच न्हाणीत उभा राहून.

दोन दिवसांत मिस्त्रींनी नवं धुरांडं बसवलं, वासा बदलून घेतला, जुनं बांधकाम आतून खरवडलं. तिसऱ्या दिवशी मी खिडकी उघडी ठेवून आंघोळ केली. शेवटचा तांब्या घेतला तरी डोकं स्वच्छ. उठलो, पाय घट्ट. मुलाला फोन लावून सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच. तो म्हणाला, "तुमचं बरोबर होतं, बाबा. माझंच चुकलं. राहा तुम्ही तिथे." आणि मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाला, "आईपण सांगायची मला न्हाणीतल्या डोकेदुखीचं. मी म्हणायचो, बाबांना सांग."

"मग?"

"म्हणाली, त्यांना सांगून झालं."

मी खटला जिंकलो होतो. घर माझं राहिलं, आणि घरात मी एकटा राहिलो. मुलाने चूक कबूल करायला एक मिनिट घेतलं. माझी कबूल करायची तर ऐकणारी नव्हती. पुढचे कितीतरी दिवस मी चुलाणापुढे बसून मनातल्या मनात तिला सांगत होतो की तुझं खरं होतं. पण ते मनात सांगणं म्हणजे पुन्हा माझीच सोय. ती बादली उचलून आत जाताना काही बोलली नव्हती. मला दिसते ती नेमकी तेव्हाची, पाठमोरी, एका बाजूला कललेली.

या वैशाखात मी मिस्त्रींना पुन्हा बोलावलं. पावसाआधी बघून घ्यायचं म्हणून, हे कारण खरंच. पण कोणी माणूस येतो, चहा घेतो, घरातल्या एखाद्या गोष्टीकडे लक्ष देऊन बघतो, यासाठीही बोलावलं. त्यांनी उदबत्ती धरली, धूर सुरसुर आत गेला. समाधानाने मान हलवून ते दोऱ्या गुंडाळायला लागले.

मी म्हटलं, "मिस्त्री, गेल्या वेळी तुम्ही विचारलं होतंत, बायकोला त्रास झाला का. मी खोटं बोललो. तिला झाला होता. तिचं डोकं धरायचं. कोणाला तरी बोलावून धुरांडं बघून घ्या म्हणून तिने मला सांगितलंही होतं."

त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. हळू आवाजात विचारलं, "मग बोलावलं का न्हाय, मास्तर?"

मी म्हटलं, "माझं दुखत नव्हतं."