टॉवरवरून दिसलेलं बंदर

दोह्यात राहणाऱ्या आमच्यासारख्यांची दुखणी वर्षभर सुट्टीची वाट बघत असतात. दाढ ठणकते, गुडघा धरतो, पाठीत उसण भरते, पण कुणी चटकन डॉक्टरकडे जाईल तर शपथ. ‘सुट्टीत नाशिकला गेलो की दाखवू’ हे ठरलेलं उत्तर. इथे डॉक्टर नाहीत असं नाही, अल नस्र भागात तर दर दोन दुकानांआड क्लिनिक आहे. पण नाशिकचा डॉक्टर ओळखीचा असतो, मराठीत बोलतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे जे निघेल ते कंपनीच्या इन्शुरन्सवाल्यांना कळत नाही. दर जुलैत आम्ही सगळे नाशिकला गाड्या सर्व्हिसिंगला जाव्यात तसे जातो.

त्यामुळे गेल्या वर्षी नवरा म्हणाला की या सुट्टीत नाशिक नको, जपानला जाऊ, तेव्हा मला आधी आनंद झाला आणि मग संशय आला. हा माणूस पदरमोड करून फिरायला जाणाऱ्यांची टिंगल करणारा. पण त्याने धोशाच लावला. “उभा जन्म गॅसची जहाजं भरून तिकडे पाठवली. ती जातात कुठे ते एकदा बघू तर दे,” म्हणाला. पूर्वी तो प्लांटवर होता, आता लुसैलच्या ऑफिसात बसून तीच जहाजं स्क्रीनवर बघतो. त्यातली बरीचशी ज्या शहराच्या बंदरात जातात, त्या शहरात टेकडीवर एक जुना टॉवर आहे आणि वरून सगळं बंदर दिसतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. महिनाभर रोज रात्री जेवताना टॉवर. माझे कान किटले.

खरं तर आधीपासून काही गोष्टी खटकायला हव्या होत्या. अंधार पडल्यावर गाडी काढायला तो टाळाटाळ करायचा. मदिनत खलीफातल्या मित्रांकडे जेवायला जायचं म्हटलं की याला ऑफिसचा कॉल असायचा. एकदा मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, “बाबा, यू मिस्ड द एक्झिट अगेन,” तर तिच्यावर केवढ्याने ओरडला! मी ते कामाच्या ताणावर ढकललं. कंपनीत माणसं कमी करणं चालूच होतं. मुलगी बारावीला जाणार होती. इथे नोकरी गेली की राहण्याचा परवानाही जातो, आणि ऐन बारावीत चंबूगबाळं आवरून निघालेली कुटुंबं आम्ही पाहिली होती. अशा वेळी माणूस चिडचिडा होणारच, असं मी स्वतःला समजावलं.

मुलीला मदिनत खलीफातल्या त्याच मित्रांकडे ठेवून आम्ही दोघंच गेलो. जपानमध्ये पाऊल ठेवलं आणि नवऱ्याने माझा हात धरला. स्टेशनात, जिन्यावर, रस्ता ओलांडताना, सारखा हात हातात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कधी दोह्याच्या समुद्राकाठच्या कॉर्निशवरसुद्धा हा माणूस माझ्याबरोबर चालला नाही, चार पावलं पुढेच असायचा. मी आपली मनातून सुखावले. मैत्रिणीला मेसेजही केला की आमच्याकडे उशिरा का होईना वसंत आलाय. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे, पुसायचा धीर होत नाही.

टॉवरवर गेलो त्या दिवशी सकाळपासून भुरभुर पाऊस होता. बसमधून उतरलो तेव्हा मी वर पाहिलं, तर टॉवरचं वरचं टोक ढगात गेलेलं. मी काही बोलले नाही. एवढ्या हौसेने आलाय, त्यालाही दिसतंयच, स्वतःच ठरवेल, असं धरून चालले. आत दारापाशी ओल्या छत्रीला प्लॅस्टिकची पिशवी चढवायचं एक यंत्र होतं, त्याच्याशी तो झटापट करत राहिला आणि मी तिकिटं काढायला गेले. खिडकीतल्या मुलीने दोन्ही हातांची फुली करून दाखवली, मग भिंतीवरच्या बंदराच्या फोटोकडे बोट केलं आणि मान हलवली. वर काही दिसत नाही, हे मला कळलं. तरी मी दोन बोटं दाखवून तिकिटं घेतली. इतक्या लांब येऊन खालून परत कुठे जायचं?

लिफ्टमध्ये टोपी आणि पांढरे हातमोजे घातलेला म्हातारा गृहस्थ बटण दाबायला उभा होता. लिफ्ट जुनी, कुरकुरत वर चढणारी. वरचा मजला गोल, झिजलेला गालिचा, नाणं टाकून बघायच्या दुर्बिणी, आणि आमच्याखेरीज कुणी नाही. काचांच्या पलीकडे नुसतं पांढरं. बंदर नाही, शहर नाही, खालची झाडंसुद्धा नाहीत. आता हा कपाळाला हात लावणार आणि तिकिटांवरून मला बोलणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं.

तो काचेजवळ गेला. बोट टेकवलं आणि म्हणाला, “हे बघ, ते बंदर. उजवीकडे क्रेन दिसतात ना, लाल? आणि त्या पुढे गॅसच्या टाक्या. पांढऱ्या, गोल. आपला माल तिथे उतरतो.”

मी खळखळून हसले. दोह्यात कुणी पाहुणा आला की त्याला लुसैल फिरवताना नवरा अशीच टेप लावतो, हा टॉवर अमका, तो टॉवर तमका. मला वाटलं, स्वतःचीच थट्टा करतोय.

“हसतेस काय? बघ ना नीट,” तो चिडून म्हणाला. “एक जहाज पण उभं आहे.”

त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला. थट्टेचा लवलेश नव्हता. भुवया आक्रसलेल्या, कपाळावर घाम, आणि बोट काचेवर घट्ट दाबलेलं. जे महिनाभर वाचून पाठ केलं होतं ते तो म्हणून दाखवत होता. बाहेर धुकं आहे हेसुद्धा त्याला दिसत नव्हतं. हात का धरला होता, गाडी का नको होती, एक्झिट का चुकायची, सगळं एका क्षणात समोर आलं.

“अरे,” मी म्हटलं, “बाहेर धुकं आहे. इथून कुणालाच काही दिसत नाहीये.”

तो वळला. “कुणालाच?”

“कुणालाच.”

त्याने केवढा मोठा श्वास सोडला! चक्क हसला. “मग ठीक आहे,” म्हणाला. “मला वाटलं, संपलं सगळं. आज लांबची नजर एकदम गेली.”

मग तिथल्या बाकावर बसून त्याने सांगितलं. हिवाळ्यातच अल नस्रच्या एका क्लिनिकमध्ये तो इन्शुरन्सचं कार्ड न दाखवता जाऊन आला होता. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला सूज आली होती. इंजेक्शनं लगेच सुरू करा, गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. यावर आमच्या शहाण्याचं उत्तर काय, तर सुट्टीत नाशिकला जाऊन करतो. इथे उपचार घेतले तर ऑफिसला कळेल, स्क्रीनवरच्या माणसाला दिसत नाही म्हटल्यावर ठेवतील कशाला, आणि मुलीची बारावी तेवढी पार पडली पाहिजे.

“मग नाशिक सोडून इथे कशाला आलो आपण?”

“तिथे कुणी सांगितलं असतं की आता उशीर झाला, तर?” तो म्हणाला. “म्हटलं, आहे तेवढ्यात हे बघून घेऊ.”

मला त्याची दया यायला हवी होती. आला तो संताप. ओरडलेच मी. बायकोला सांगायचं नाही, मुलीला गाडीत घालून हायवेवरून न्यायचं, आणि वर माझा हात धरून मिरवायचं! त्या रिकाम्या मजल्यावर माझा आवाज घुमला तसा लिफ्टवाला म्हातारा लगबगीने आला. आम्हाला काही दिसलं नाही म्हणून मी भांडतेय असा त्याचा समज झाला असावा. त्याने टोपी काढली, कमरेत वाकला, मग फोनवर काहीतरी बोलून तो माझ्यापुढे धरला. इंग्रजीत उमटलं होतं की आज काहीच दिसत नाही, त्याबद्दल फार वाईट वाटतं. तो बिचारा धुक्याची माफी मागत होता. नवऱ्याला मी ते वाचून दाखवलं तेव्हा तो उठला आणि त्यानेही वाकून त्याला नमस्कार केला.

उरलेले दिवस आम्ही बरंचसं हॉटेलातच काढले. भांडलो, गप्प बसलो, पुन्हा भांडलो. शेवटी ठरलं की परत गेल्या गेल्या अल नस्रला जायचं आणि कंपनीचंच कार्ड दाखवायचं. ऑफिसने ठेवलं तर ठेवलं, नाहीतर मुलीची बारावी नाशिकला. तो कबूल झाला, पण हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा तो खिडकीकडे तोंड करून बसला.

दोह्याला उतरलो ते भर दुपारी. पार्किंगमध्ये गाडी तापून निघालेली. माझ्याकडे लायसन्स आहे, पण हायवेला मी कधी गाडी घातली नव्हती, आणि त्याने घालूही दिली नव्हती. सवयीने तो ड्रायव्हरच्या दाराशी गेला. मी समोर जाऊन उभी राहिले.

“आपल्या घराचा रस्ता मला पाठ आहे,” तो म्हणाला.

“माहिती आहे,” मी म्हटलं आणि हात पुढे केला.

मग खिशातून चावी काढून त्याने माझ्यासमोर धरली, माझ्या हाताच्या बरीच डावीकडे. मी हात तिथे नेला.